दुसरी बैलजोडी

मराठीतील 'गरज' हा शब्द मूळचा अरबी. फारसी आणि उर्दूच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि येताना वाटेत त्याने आपला अर्थ बदलला. उर्दूत 'गरज' म्हणजे हेतू, मतलब, स्वार्थ. म्हणूनच आपमतलबी माणसाला त्या भाषेत 'खुदगर्ज' म्हणतात. मराठीत मात्र तोच शब्द निकड, आवश्यकता या अर्थाने रुळला. आपण हैदराबादकर मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या या दोन भाषांच्या उंबरठ्यावर वावरलो. घरात आईने 'गरज आहे' म्हटले तर ती निकड असे, आणि सुलतान बाजारात दुकानदाराने 'गरज' म्हटले तर तो मतलब असे. एकाच शब्दाची ही दोन रूपे आपल्या कानांना इतकी सवयीची झाली आहेत की त्यांच्यामधील अंतराकडे आपले लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात त्या अंतराचा थोडा शोध घेण्याचा आमचा विचार आहे.

शोधासाठी आम्ही जे उदाहरण निवडले आहे ते कदाचित वाचकांना या पत्रिकेच्या पानांवर अनोळखी वाटेल. प्रश्न असा : माल वाहणाऱ्या पिकअप गाडीला फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ, खरोखर लागते काय? हा प्रश्न गाड्यांच्या दुकानातला आहे, तत्त्वचर्चेत त्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु आमचा अनुभव असा की नीतीचे मोठे प्रश्न माणसाच्या आयुष्यात क्वचित येतात आणि आले तरी मोठे म्हणूनच येतात, त्यामुळे त्या वेळी तो सावध असतो. खरी परीक्षा खरेदीच्या यादीत होते. तेथे माणूस आपल्या इच्छेला कोणते नाव देतो, यावरून त्याचा विवेक कळतो.

प्रथम वस्तू समजून घेऊ. साध्या पिकअपमध्ये इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना मिळते. पुढची दोन चाके फक्त दिशा दाखवितात. गाडीच्या मागच्या भागात माल भरला की मागच्या चाकांवर वजन येते आणि ती रस्ता घट्ट धरतात. गाडी रिकामी असली की मागचा भाग हलका होतो आणि निसरड्यावर चाके जागच्या जागी फिरू लागतात. फोर-व्हील ड्राइव्ह असलेल्या गाडीत एक जादा यंत्रपेटी असते. चालकाने दांडा ओढला किंवा कळ फिरविली की तिच्यातून पुढच्या चाकांनाही ओढ मिळते. बहुतेक पिकअप गाड्यांतील ही रचना कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरायची नसते. कारण वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात, आणि दोन्हींना एकत्र जखडले तर यंत्रावर ताण येतो. म्हणजे वर्षातील बहुतेक दिवस ही जादा पेटी, जादा दांडे आणि जादा दातेरी चाके गाडीबरोबर नुसता प्रवास करतात. त्यांचे वजन ओढायला डिझेल लागते, त्यांचे तेल वेळेवर बदलावे लागते आणि गाडीच्या किमतीत त्यांच्यासाठी काही लाखांची भर पडते.

ज्यांच्या घरी शेती होती आणि ज्यांनी बैलगाडी पाहिली आहे, त्यांना हे एका वाक्यात सांगता येईल. फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे दुसरी बैलजोडी. पूर्वी चिखलाच्या ओढ्यावर किंवा चढावर भरली गाडी अडली की मागून येणाऱ्या गाडीचे बैल सोडून पुढे जुंपीत. दोन जोड्यांनी पहिली गाडी पार झाली की त्याच दोन जोड्या दुसरी गाडी ओढून काढीत. दुसरी जोडी लागत असे यात शंकाच नाही. परंतु त्या एका ओढ्यासाठी दुसरी जोडी बारा महिने दावणीला बांधून तिला कडबा घालणारा शेतकरी मोठा बागाईतदार तरी असे किंवा हौशी तरी.

आमची नोकरी राज्य सरकारातली. १९८५ मध्ये तालुके मोडून मंडले झाली, त्या सुमारास आम्ही नुकतेच रुजू झालो होतो. पुढे तीन तपांच्या आसपास, आधी आंध्र प्रदेशात आणि २०१४ नंतर तेलंगणात, फिरतीचे काम केले. त्या काळातले वाहन म्हणजे जीप. या वाहनाचा आपल्या शहराशी एक अप्रत्यक्ष धागा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांवर जीपगाड्या तयार केल्या आणि त्यांच्या चारही चाकांना ओढ होती, कारण रणांगणावर रस्ता असेलच याची खात्री नसते. युद्ध संपल्यावर ज्या भारतीय कंपनीने येथे जीपची जुळणी सुरू केली ती १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड महंमद' या नावाने स्थापन झाली होती. त्यातील महंमद म्हणजे गुलाम महंमद. ते काही काळ हैदराबाद संस्थानात अर्थखाते सांभाळीत होते आणि फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री, पुढे गव्हर्नर जनरल झाले. कंपनीच्या नावातून 'महंमद' गेले, जीप मात्र राहिली आणि खेड्यापाड्यांत सरकारची खूण बनली.

आमच्या वाट्याला आलेल्या एका जीपेला चारही चाकांची ओढ होती. गिअरच्या दांड्याशेजारी एक आखूड दांडा होता. आमचा चालक रोज सकाळी गाडी पुसताना त्या दांड्याची मूठही निगुतीने पुसत असे. तो दांडा ओढण्याचा प्रसंग वर्षातून फार तर चार-पाच वेळा येई, आणि त्यातही दोनदा तो पाहुण्यांना दाखविण्यासाठी ओढला जाई. रेगड जमिनीच्या भागात, भर पावसात, हा चालक दांड्याला हात न लावता गाडी डांबरी सडकेवर उभी करी आणि पुढे पायी चालायला सांगे. त्याचे कारण त्याने आम्हांस एकदा समजावून सांगितले होते. काळी माती टायरच्या खाचांत भरून बसते आणि टायर गुळगुळीत होतो. मग दोन चाके जागच्या जागी फिरण्याऐवजी चार फिरतात, एवढाच फरक. टायर कोणते आणि माती कोणती, हे आधी पाहावे. दांड्याची गोष्ट त्यानंतरची, असे त्याचे मत होते. शाळेची पायरी फारशी न चढलेल्या त्या गृहस्थाकडून आम्ही साधन आणि साध्य यांतील भेदाचा एक चांगला पाठ घेतला.

दुसरा पाठ कार्यालयातल्या फायलींनी दिला. कोणतीही वस्तू मागविताना प्रस्तावात एक रकाना असे : आवश्यकतेचे समर्थन. हा रकाना कोरा ठेवलेला आम्ही कधी पाहिला नाही. खुर्ची असो, पंखा असो की गाडी, समर्थन सापडतेच. आणि त्या रकान्यात कोणी 'आम्हांस हवे आहे' असे लिहिल्याचेही आठवत नाही. इच्छा त्या रकान्यात शिरताना नेहमी गरजेचा पोशाख घालून येते. यात लबाडी असतेच असे नाही. पुष्कळदा लिहिणाऱ्याचीच तशी खात्री झालेली असते, कारण समर्थन लिहिता लिहिता माणूस स्वतःलाही पटवीत जातो. कार्यालयात निदान वरचा अधिकारी शेरा मारायला असतो. घरच्या खरेदीत अर्जदार, शिफारस करणारा आणि मंजुरी देणारा, तिघेही आपणच असतो.

मग खरी गरज ओळखावी कशी? याचे एक उत्तर ॲरिस्टॉटलने मिलो नावाच्या मल्लाच्या उदाहरणाने दिले आहे. दहा मापे अन्न फार आणि दोन मापे थोडे, म्हणून सहा मापे सर्वांना योग्य, असे गणित चालत नाही. मिलोला तेवढे अपुरे पडेल आणि तालमीत नुकत्याच आलेल्या मुलाला ते जड होईल. योग्य प्रमाण हे वस्तूत नसते. ते माणसागणिक, कामागणिक ठरते. म्हणून 'पिकअपला फोर-व्हील ड्राइव्ह लागते काय' या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. बाजारात दोन्ही प्रकार मिळतात. बोलेरो कॅम्पर दोन्ही रूपांत आली. इसुझुची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये चारही चाकांच्या ओढीची म्हणून आली आणि २०२१ पासून साध्या रूपातही मिळू लागली. २०२२ मध्ये आपल्याकडे आलेली टोयोटाची हायलक्स मात्र चारही चाकांच्या ओढीनेच आली. निवड उपलब्ध आहे, म्हणूनच विवेकाची जबाबदारीही आहे.

काहींना ती ओढ निःसंशय लागते. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूरच्या डोंगराळ पट्ट्यात पावसाळ्यात ओढे भरले, वाटा निसरड्या झाल्या की आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाळंतिणीला बाजेवर घालून सडकेपर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी आपल्याच राज्यात सुरू झाली. परंतु रुग्णवाहिका सडकेपर्यंत येते, आणि सडकेच्या पलीकडेही माणसे राहतात. तेथे चिखलाच्या चढावरून वर जाणारे वाहन ठेवणे ही चैन नव्हे. रोज पहाटे दूध पोचविणाऱ्याचीही गोष्ट तशीच. सोयाबीन चार दिवस थांबते, दूध चार तास थांबत नाही.

या दोन उदाहरणांतून एक कसोटी हाती लागते. आपण बहुधा विचारतो, वर्षातून किती दिवस लागेल? हा प्रश्न अपुरा आहे. दिवस एकच असला तरी त्या दिवशी जे थांबेल ते कायमचे थांबणार असेल, तर त्या एका दिवसासाठी वर्षभराचा खर्च सार्थ ठरतो. उलट दिवस वीस असले आणि त्या वीसही दिवसांत फक्त आपला खोळंबा होणार असेल, तर तो सहन करणे शहाणपणाचे असू शकते. दिवसांची संख्या मोजण्यापूर्वी त्या दिवसाचे मोल ठरवावे लागते.

याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या शहराच्याच इतिहासात आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुशी नदीला पूर आला आणि हजारो माणसे गेली. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड अजून दाखविले जाते. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना बोलाविण्यात आले आणि त्यांच्या योजनेतून १९२० मध्ये मुशीवर उस्मानसागर व १९२७ मध्ये ईसी नदीवर हिमायतसागर असे दोन तलाव उभे राहिले. असा पूर पिढीत एकदा येईल न येईल. दिवस मोजणाऱ्या हिशेबनिसाने तो खर्च नामंजूर केला असता. परंतु गेलेला माणूस परत येत नाही, ही एक गोष्ट त्या हिशेबात धरली की उत्तर पालटते. शिवाय हे तलाव पुराची वाट पाहत रिकामे बसले नाहीत. त्यांनी शहराला पिण्याचे पाणी दिले. क्वचित येणाऱ्या संकटासाठी केलेली तजवीज रोजच्या उपयोगी पडावी, ही दूरदृष्टीची खूण होय.

आता ही कसोटी एका घरगुती प्रकरणास लावून पाहू. आमच्या थोरल्या भगिनी देगलूर तालुक्यात वडिलोपार्जित शेतावर राहतात. हा भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. सीमा सरकल्या, पण आमच्यासारख्या घरांची एक शाखा तिकडे आणि एक इकडे, ही स्थिती तशीच राहिली. आमच्या भाच्याने हैदराबादेतली नोकरी सोडून काही वर्षांपूर्वी ती शेती हाती घेतली. सोयाबीन, तूर, हरभरा ही पिके. नल्लकुंट्याहून तेथवर सुमारे दोनशे किलोमीटर, आणि गावाच्या फाट्यापर्यंत रस्ता उत्तम. गावापासून शेतातल्या आखाड्यापर्यंतची दोन किलोमीटरची पांदण मात्र रेगडातली, आणि तिच्या मध्ये एक ओढा. गेल्या वर्षी पिकअप घ्यावयाची ठरली तेव्हा भाच्याने विचारले, ''मामा, फोर-व्हील ड्राइव्हचीच घेऊ ना? कर्ज थोडे वाढेल, पण पावसाळ्याची चिंता मिटेल.''

आम्ही त्याला आधी दिवस मोजावयास सांगितले. त्याने वही काढून सांगितले, मागील पावसाळ्यात पांदण नऊ दिवस बंद होती. त्या नऊ दिवसांत काय अडले? बियाणे आधीच आले होते, माल निघायचा होता तो दिवाळीच्या पुढेमागे, तेव्हा वाट कोरडी असते. दोनदा गावातल्या ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. ''तेच नको वाटते, मामा,'' तो म्हणाला, ''दर वेळी कोणाच्या तरी दारात जाऊन उभे राहायचे.'' आणि मग जरा थांबून म्हणाला, ''आणि आईचे काय? रात्री-अपरात्री काही झाले तर?''

या शेवटच्या वाक्याने प्रकरणाचे स्वरूपच बदलले. भगिनींचे वय पंच्याहत्तरच्या पुढे, हृदयाचा विकार जुना. वर सांगितलेली कसोटी खरी असेल तर नऊ दिवसांचा हिशेब येथे फाडून टाकावा लागेल, कारण जो एक दिवस धरावयाचा त्या दिवशी थांबणारी गोष्ट परत सुरू होणारी नाही. मुलाने आईसाठी काही लाख खर्चावेत की नाही, असा प्रश्न उपस्थित करणारा मामा निर्दयच म्हणावा लागेल.

तथापि कसोटीचे दुसरे अर्धे अंग राहिले होते. ज्या दिवसासाठी साधन घ्यावयाचे, त्या दिवशी ते साधन उपयोगी पडेल काय? चिखलाला चार चाकांची ओढ काही अंशी उत्तर देते; पाण्याला ती उत्तर देत नाही. वाहत्या पाण्याची खोली दोन फुटांच्या आसपास गेली की ते बहुतेक गाड्यांना, पिकअपलाही, उचलून नेते. गाडी तरंगू लागली की चाके जमिनीला टेकतच नाहीत; मग ओढ दोन चाकांना आहे की चार, याला अर्थ उरत नाही. १३ ऑक्टोबर २०२० च्या पावसात हैदराबादच्या वस्त्यांमधून मोटारी प्रवाहाबरोबर वाहत जाताना आपण सर्वांनी पाहिल्या. त्यांत दणकट गाड्याही होत्या. आमच्या भाच्याच्या वाटेवरचा अडथळा, ज्या रात्रीची त्याला धास्ती होती त्या रात्री, चिखल नसून भरलेला ओढा असणार होता. फोर-व्हील ड्राइव्हने त्या रात्री केले असते ते एवढेच, की ओढ्यात उतरण्याचे धाडस त्याला दिले असते. सामर्थ्याचा हा एक छुपा दोष आहे. ते माणसाला पार नेईलच असे नाही, परंतु थांबण्याचा विचार मात्र त्याच्या मनातून काढून टाकते.

मग खरी गरज कोणती होती? भगिनींनी पावसाळ्याचे महिने ओढ्याच्या अलीकडे, गावात राहावे, ही. आपल्या पूर्वजांना हे उत्तर ठाऊक होते. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास आणि जैन साधूंचा चातुर्मास यांचे एक कारण व्यवहाराचे आहे : वाटा चिखलाच्या, नद्या भरलेल्या, पायाखाली जीवजंतू, तेव्हा या काळात हिंडू नये, एका ठिकाणी थांबावे. वाट ओलांडण्याचे साधन वाढविण्याऐवजी त्यांनी वाट ओलांडण्याचा प्रसंगच कमी केला. भाच्याला हे सुचले नव्हते असे नाही. पण आईला तिचा आखाडा सोडावयास सांगणे त्याला अवघड वाटत होते. गाडीचा खर्च त्या मानाने सोपा होता. पुष्कळदा आपण वस्तू विकत घेतो ती एखादे अवघड बोलणे टाळण्यासाठी, आणि त्या खरेदीला गरज म्हणतो. भगिनींशी बोलणे झाले तेव्हा त्यांनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. आषाढ ते आश्विन गावातल्या जुन्या वाड्यात राहीन, पण गाय माझ्याबरोबर येईल, एवढी एकच अट त्यांनी घातली.

राहिला प्रश्न दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याचा. ही भावना आम्ही हलकी मानीत नाही. उपकाराचे ओझे स्वाभिमानी माणसाला जड जाते. परंतु दुसऱ्या बैलजोडीची जुनी रीत आठवावी. मागच्या गाडीचे बैल आपल्या गाडीला लागत, तसे आपले बैल तिच्या गाडीला लागत. त्या देवाणघेवाणीची वही कोणी ठेवीत नसे, तरी हिशेब चुकता होई. आपण आपली दुसरी जोडी बाळगली की मागच्या गाडीशी आपले काम उरत नाही. स्वयंपूर्ण होण्याच्या इच्छेत शेजाऱ्यापासून सुटण्याची इच्छाही पुष्कळदा मिसळलेली असते. शिवाय ज्याच्या दारी दुसरी जोडी आहे, त्याच्या दारावर रात्री थाप पडणारच. सामर्थ्य विकत घेणाऱ्याने ती थापही विकत घेतलेली असते. ती ऐकून जो उठतो त्याचे सामर्थ्य गावाचे होते. जो कानावर पांघरूण ओढतो त्याचे सामर्थ्य शोभेचे उरते. फोर-व्हील ड्राइव्ह घेणाऱ्याने स्वतःला हेही विचारावे, की आपण या दोघांतले कोण आहोत.

याच्याही पलीकडचा एक मुद्दा आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्याची गाडी चिखलातून निघते, त्याला हळूहळू चिखल दिसेनासा होतो. पांदणीवर मुरूम टाकावा म्हणून ग्रामपंचायतीत तगादा लावणारा माणूस बहुधा तोच असतो ज्याची गाडी फसते. त्याने फोर-व्हील ड्राइव्ह घेतली की तगादा लावणारा एक कमी झाला. मागे राहतात ते बैलगाडीवाले, सायकलवाले आणि डोक्यावर ओझे घेऊन चालणाऱ्या बाया. त्यांचे म्हणणे तसेही फारसे ऐकले जात नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये शेत व पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाने योजना आणली. परंतु योजना कागदावरून शिवारात उतरते ती गावातल्या चार वजनदार माणसांनी पाठपुरावा केला तरच, हे आम्ही कार्यालयाच्या खुर्चीवर बसून पाहिले आहे.

हे केवळ खेड्यातलेच आहे असे वाचकांनी समजू नये. आमच्या नल्लकुंट्याचे नावच पाहा. तेलुगूत नल्ल म्हणजे काळा आणि कुंट म्हणजे लहान तळे. नावात तळे आहे आणि वस्तीजवळून हुसेनसागराच्या जादा पाण्याचा नाला मुशीकडे जातो. पाण्याने येथे यावे हे त्याच्या स्वभावाला धरूनच आहे. ऑगस्ट २००० च्या पुरानंतर आणि २०२० नंतर आमच्या भागात नव्याने बांधणाऱ्यांनी जोती उंच घेतली. प्रत्येकाची गरज खरी होती. परंतु एका घराचे जोते वर गेले की त्याच्या अंगणातले पाणी शेजारच्या जुन्या, बसक्या घरात जाते. मग तोही जोते उचलतो किंवा घर विकतो. रस्ता वर येतो, जोती वर जातात, आणि नाला स्वच्छ व रुंद असावा ही सर्वांची एकच गरज कोणाच्याच नावावर उरत नाही. १९०८ नंतरच्या पिढीने घरोघरी चिंचेची झाडे लावून समाधान मानले नाही. तिने तलाव बांधले. एकट्याची सोय आणि सर्वांची सोय यांतून निवड करताना ही गोष्ट स्मरणात असावी, एवढेच आमचे म्हणणे.

येथे कोणी आक्षेप घेईल : माणसाला थोडी हौस नसावी काय? दणकट, उंच, चारही चाकांनी ओढणारी गाडी असावी असे तरुणाला वाटले तर त्यात पाप कोणते? आमच्या मते काहीही नाही. योगसूत्रांनी अपरिग्रहाची गणना यमांत केली ती साधकासाठी. संसारी माणसाने घरातली प्रत्येक वस्तू त्या तराजूत घालावी असा आग्रह आम्ही धरणार नाही. हौस ही हौस म्हणून मान्य केली की तिला आपोआप मर्यादा पडते. ऐपत किती, कर्ज किती, घरातल्या इतरांच्या हौशी कोणत्या राहिल्या, हे प्रश्न तिला विचारता येतात. तीच हौस गरज म्हणून उभी राहिली की तिला कोणी काही विचारू शकत नाही, कारण गरजेपुढे सर्वांनी वाट सोडावयाची असते. मुलीचे शिक्षण, विहिरीची दुरुस्ती, गड्याची थकलेली मजुरी यांना मागे सारून ती पुढे जाते. गरजवंताला अक्कल नसते ही म्हण आपण अडलेल्या गरिबाविषयी वापरतो. ती इच्छेला गरज समजणाऱ्या सुखवस्तू माणसाला अधिक लागू पडते.

भाच्याने अखेर मागच्या चाकांच्या ओढीची साधी पिकअप घेतली आणि चिखलाला धरणारे खोल खाचांचे टायर बसविले. वाचलेल्या रकमेतून काही भाग त्याने पांदणीवरच्या आणखी पाच शेतकऱ्यांच्या वर्गणीत घालून सर्वांत वाईट तुकड्यावर मुरूम टाकला. संपूर्ण पांदण अद्याप व्हावयाची आहे, आणि ओढ्यावर नळ्यांचा लहानसा पूल व्हावा म्हणून त्याच्या खेपा चालू आहेत. ओढ्यापलीकडे त्याचा रोजचा दुधाचा धंदा असता, किंवा त्याची वाट उटनूरच्या चढावरची असती, तर आम्ही त्याला उलट सल्ला दिला असता आणि कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून सहीही केली असती.

तेव्हा ज्यांना असा निर्णय घ्यावयाचा आहे, त्यांच्यापुढे आम्ही तीन प्रश्न ठेवतो. ज्या दिवसासाठी हे घ्यावयाचे, त्या दिवशी जे थांबेल ते परत सुरू होणारे आहे की नाही? थांबू नयेच अशी ती गोष्ट असेल, तर त्या दिवशी ही वस्तू खरोखर कामास येईल काय? आणि तीच अडचण ज्यांना ज्यांना आहे, त्या सर्वांची मिळून ती दूर करण्याचा मार्ग आपण शोधला काय? तिन्ही प्रश्नांची उत्तरे देऊनही गरज उरली तर ती निःशंक मनाने पुरवावी. मग रक्कम मोठी असली तरी तो अपव्यय नव्हे. उत्तरे देता देता ती विरून गेली, आणि मागे नुसतीच आवड उरली, तर तिला आवड म्हणावे आणि ऐपतीप्रमाणे तिचा मान ठेवावा. आपल्या भाषेने एका परक्या शब्दातला मतलब काढून टाकून त्याला निकडीचा अर्थ दिला. तो अर्थ टिकविणे आता तो शब्द उच्चारणाऱ्यांकडे आहे.